मामाच्या मांडीवरचं जावळ

माझ्या मुलीला पाचवं वर्ष लागलं तरी तिच्या डोक्याला कात्री लागलेली नव्हती. केस पार कमरेला टेकायला आले होते. रोज सकाळी वेणी घालताना आमच्या माधवनगरच्या घरात जी रडारड चालायची, ती ऐकून शेजारच्या बायका खिडकीतून डोकवायच्या आणि वर म्हणायच्या, "काय सुंदर केस आहेत हो पोरीचे!" मला वाटायचं, कंगवा यांच्याच हातात द्यावा. सुंदर म्हणायला काय जातंय? गुंता सोडवायला बसा म्हणजे कळेल.

सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. "अगं, मुलगीच आहे. देवापुढे एक बट काप आणि मोकळी हो. चकोट करायलाच पाहिजे असं कुठं आहे?" त्यांचं चुकत नव्हतं. पुष्कळ घरांत मुलीचं जावळ असंच नावाला काढतात. पण इथं नवसाचा प्रश्न होता. लग्नानंतर बरीच वर्षं माझी कूस उजवली नव्हती, तेव्हा माझ्या आईने म्हसवडच्या सिद्धनाथाला बोलून ठेवलं होतं की मुलगा होवो नाहीतर मुलगी, पहिलं जावळ पूर्ण तुझ्या दारात काढीन. मी फार्मसी शिकलेली, सांगलीत औषधांच्या दुकानात उभी राहणारी बाई. माझ्यावर जे उपचार झाले त्यांची नावं मला तोंडपाठ होती. तरी नवस मोडायची माझी छाती नव्हती.

आणि जावळ मामाच्या मांडीवर बसवूनच काढायचं असतं. मला भाऊ एकच, माझ्यापेक्षा धाकटा आणि फौजेत. जावळ विषम वर्षात काढतात. पहिल्या वर्षी त्याची रजा ऐनवेळी रद्द झाली. तिसऱ्या वर्षी रजा मंजूर झाली, आम्ही गाडी सांगून ठेवली, मामाकडून यायचा तो भाचीचा झगासुद्धा त्याने आईला पैसे पाठवून आधीच घ्यायला लावला. आणि तो निघायच्या आधीच फोन आला. गस्तीवर असताना सुरुंग फुटला होता. डावा पाय गुडघ्याखाली गेला.

तो बराच काळ पुण्याच्या लष्करी दवाखान्यात होता. मग कृत्रिम पाय बसवून घरी आला, फलटणजवळच्या आमच्या गावी, आईपाशी. वडील माझ्या लग्नाआधीच गेलेले. घरात ही दोघंच. तो उसाकडच्या मागच्या खोलीत जो जाऊन बसला तो बसलाच. गावात जाईना, पारावर बसेना, कुणी भेटायला आलं की झोपल्याचं सोंग घ्यायचा. हा तोच पोरगा, जो लहानपणी घरात कधी दिसायचा नाही म्हणून आई माझ्यावर डाफरायची.

पाचवं वर्ष निम्मं सरल्यावर मी त्याला फोनवर जावळाचं विचारलं. तो म्हणाला, "आक्का, चांगल्या कामाला धड माणूस लागतं. चुलतभावाला बसव की. त्यो बी मामाच हाय."

"असं कोण म्हणालं तुला?"

"म्हणायला कशाला पायजे? मला कळत न्हाई व्हय?"

पण कुणीतरी म्हणालं होतं, हे मला नंतर समजलं. भावकीतल्याच एका काकूंनी आईपाशी सहज तसा विषय काढला होता आणि मागच्या खोलीत त्याला तो ऐकू गेला होता. मी तणतणत आईला फोन लावला. वाटलं, आता आई त्या काकूंना झाडेल, याला समजावेल. आई सगळं ऐकून म्हणाली, "बरं." एवढंच. माझा राग मुळात नाकावर, आणि आईच्या या "बरं"ने तो कायमच भडकत आला आहे.

शेवटी मे महिन्यात मी मुलीला घेऊन गावी गेले. भावाला काय काय सुनवायचं ते एसटीत मनाशी जुळवत होते. तू देशासाठी पाय दिलास, तुझ्या मांडीला कोण नाव ठेवतंय बघते, वगैरे. उंबऱ्यात पाय ठेवते तोच आईने पिशवी घेता घेता मला बजावलं, "आल्या आल्या त्येच्या म्हागं लागू नगं. पोरीला बी लावू नगं."

माझं सगळं भाषण तोंडातच राहिलं.

पहिल्याच दुपारी जेवताना मला काहीतरी खटकलं. आईने भावाचं ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून चुलीकडे तोंड केलं. तो खातोय की नुसता भाकरी कुस्करतोय, काही बघितलं नाही. मी मात्र टक लावून त्याच्या ताटाकडे बघत होते. तो चार घास खाऊन उठला. आई मला हळूच म्हणाली, "जेवणाऱ्याच्या ताटात डोळं घालून बसू नी. तुला ल्हानपणी कुणी बघितलं की तू बी घास थुकायचीस."

लहान मुलाच्या खाण्याकडे बघू नये, दृष्ट लागते, हे मी जन्मापासून ऐकत आले होते आणि त्यावर हसतही आले होते. माझी मुलगी जेवायला बसली की मी तिच्यासमोर पहारेकऱ्यासारखी बसायची. भाजी खाल्ली का, वाटी संपवली का. ती रडायची, मी ओरडायची, वाटी तशीच राहायची. गावी आईने तिला ताट दिलं, आणि पाठ फिरवली. पोरीने आमटीची वाटी चाटून पुसून ठेवली. मी म्हटलं, भूक लागली असेल प्रवासाने. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी मीही तोंड फिरवून बसायला लागले, आणि मला कबूल करायलाच हवं की माझं लेकरू मी कधी नव्हे ते पोटभर जेवताना पाहिलं. म्हणजे पाहिलं नाही.

भाऊ सकाळी अंगणात चालायचा सराव करायचा, घरापासून गोठ्यापर्यंत आणि परत. काठी सोडून चालायला बघायचा. एका सकाळी मी आणि आई ओट्यावर ज्वारी निवडत होतो. पोर वासराच्या मागे लागली होती. हौदाजवळ भावाचा तोल गेला आणि तो आडवा पडला. चांगला धप्पकन आवाज झाला. मी सूप टाकून उठले. तेवढ्यात आईने माझं मनगट धरलं. किती जोरात धरलं होतं म्हणून सांगू! दुसऱ्या हाताने तिचं ज्वारी निवडणं चालूच होतं.

"बस खाली. तकडं बघू नगं."

"आई, पडलाय तो!"

"पडू दे. खडं बग जुंधळ्यातलं."

मी बसले. खडे काय दिसणार? डोळ्यांत पाणी आलं होतं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला दिसलं, त्याने मान वर करून आमच्याकडे बघितलं. आम्ही दोघी सुपात बघत होतो. पोरीला तर पत्ताच नव्हता. तो थोडा वेळ तसाच राहिला, एक कचकचीत हिंदी शिवी हासडली, मग कोपरावर आला, हौदाचा काठ धरला आणि उभा राहिला. विजार झटकली. आणि गोठ्याकडे चालायला लागला.

तेव्हा कुठे आईने माझं मनगट सोडलं. तिची बोटं उमटली होती.

"लेकरू पडलं की पयलं आपल्या तोंडाकडं बगतं," ती म्हणाली. "आपण हाय हाय केलं, की त्येला कळतं आपल्याला लय लागलंय. मग रडतं. आपण आपल्या कामात आसलो की उठतं. तुमाला दोघास्नी आसंच चालाय शिकवलं."

"अगं, पण तो आता लहान आहे का?"

"चालाय शिकतोय न्हवं?"

मी थक्क झाले, असं म्हटलं तर ते कमीच होईल. जिने शाळेचं तोंड जेमतेम पाहिलं, ती माझी आई. डॉक्टरांनी मला त्याच्याबद्दल जे सांगितलं होतं ते सगळं मी तिला फोनवर समजावून सांगत आले होते, सावकाश, सोप्या शब्दांत. आणि ती "बरं, बरं" म्हणत आली होती. इकडे तिने तिचं जुनं ठेवणीतलं शहाणपण बाहेर काढलं होतं, ज्याने आम्हाला वाढवलं होतं तेच, आणि एका मिशीवाल्या फौजी माणसाला ती पुन्हा पहिल्यापासून वाढवत होती. त्याला कळू न देता. मलाही.

त्या दिवसापासून मी आईवरच डोळा ठेवला. तिचं एकेक कोडं मला उलगडत गेलं. तो काठीशिवाय चालायला लागला तेव्हा मी शेजारणीला कौतुकाने सांगायला निघाले, तर आईने दटावलं. मूल नवीन काही शिकलं की घराबाहेर बोलायचं नाही, ते अंगात मुरू द्यायचं. दृष्ट, दृष्ट म्हणून मी ज्याची चेष्टा करत आले होते, त्याचा अर्थ मला या वयात कळायला लागला. जे अजून नीट उभं राहिलेलं नाही त्याच्यावर माणसांच्या नजरा पडल्या की त्याला भार होतो. मग ती नजर कौतुकाची असो की कीव करणारी. आईची निम्मी शिकवण म्हणजे कुठे बघायचं आणि कुठे नाही, एवढीच होती.

एके दिवशी दिवेलागणीला ती नातीची दृष्ट काढत होती. मीठ-मिरच्या मुठीत घेऊन उतरवत होती. पोरीने मधेच फर्मान सोडलं, "आजी, मामाची पण काढ." तो दारात उभा होता. "मला कशाला? मी काय बाळ हाय?" म्हणाला, पण पोरीने हाताला धरून आणून बसवलं. आईने त्याच्यावरून मूठ उतरवली, डोक्यापासून पायापर्यंत, आणि तो पायही वगळला नाही. मिरच्या चुलीत टाकल्या. एरवी ठसक्याने घर खोकत बाहेर पळतं. त्या दिवशी कुणालाच ठसका लागला नाही.

"बग," आई म्हणाली. "किती डोळं लागलं हुतं माझ्या लेकराला."

मी औषधवाली बाई, मिरच्या जुन्या असतील म्हणून पटकन बोलून जाणार होते. तेवढ्यात भाऊ म्हणाला, "दवाखान्यात रोज लोकं यायची बघायला. पायाकडं बघायची, आन् मग तोंडाकडं." घरी आल्यापासून दवाखान्याबद्दल तो पहिल्यांदाच बोलत होता. आईने चुलीतला जाळ तेवढा सारखा केला. मी ओठ गच्च मिटून बसले, आणि माझ्यासाठी ते किती अवघड आहे हे मला ओळखणाऱ्यांना कळेल.

जावळाचं मात्र कुणी नाव काढत नव्हतं. माझी सुट्टी संपत आली होती. विषम वर्ष गेलं की पुन्हा सातव्यात, तोवर पोरगी काय वस्तरा लावू देणार? पण माझा जीव त्यासाठी खालीवर होत नव्हता. नवस काय, देव समजून घेतो. याने या वेळी चुलतभावाला पुढे केलं, तर पुढच्या प्रत्येक कार्यात हा मागच्या खोलीतच बसणार, हे मला दिसत होतं. स्वतःच्या लग्नालासुद्धा हा नाही म्हणेल.

आईने काय केलं असेल? तिने कंगवा आणि तेलाची वाटी भावाच्या हातात दिली. "माझं डोळं गेलं. हिची आई लय वडती. तू सोडीव गुत्ता." एवढं बोलून ती शेतात निघून गेली.

मग रोज सकाळी पोरगी त्याच्या खाटेपुढे पाटावर बसायची आणि तो वरून तिचे केस विंचरायचा. मला वाटलं होतं, दोघंही वैतागतील. पण त्याची पद्धत वेगळी होती. तो टोकापासून सुरुवात करायचा, एकेक बट वेगळी धरून, मुळाशी ओढ बसू न देता वर यायचा. पोरगी अखंड बडबडायची. ती एकदाही रडली नाही. माझ्या हाताखाली पाच वर्षं बोंबलणारी माझी मुलगी! मी दाराआड उभी राहून ऐकायची, आणि बघायची नाही.

एका सकाळी कंगवा खाली ठेवून तो मला म्हणाला, "आक्का, लय वजन हाय गं केसांचं. पोरीची मान दुखत आसंल."

"दुखते तर," मी म्हटलं. पुढचं मोठ्या कष्टाने गिळलं.

तो तिच्या मानेवर बोटं टेकवून बसला होता. मग म्हणाला, "ऐतवारी जाऊ म्हसवडला."

आई दारात येऊन उभी होती. तिने काय म्हणावं? "बरं" म्हणाली.

रविवारी सांगलीहून हे आणि सासूबाई परस्पर म्हसवडला आले. देवळात गर्दी होती, गुलालाने फरशी लाल झाली होती. गुलाल-खोबरं वाहून आम्ही बाहेर आलो. सावलीत न्हावी पाट मांडून बसला होता. मी शहाणपणा करून प्रसादाच्या दुकानातून एक प्लास्टिकची खुर्ची मागून आणली आणि पाटाशेजारी ठेवली. खुर्ची बघून भावाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

न्हाव्याने मान हलवली. "खुर्चीवर न्हाई जमायचं, ताई. मामानं खाली बसून डोकं धराय पायजे. पोर हललं की वस्तरा लागतो."

त्या कृत्रिम पायाने खाली मांडी घालता येत नाही. ते मला ठाऊक होतं, म्हणून तर खुर्ची. मी न्हाव्याशी वाद घालायला तोंड उघडलं. तोवर भाऊ देवळाच्या पायरीवर बसला, विजार वर सरकवली, पट्टे सोडले आणि बुटासकट तो पाय काढून बाजूला उभा केला. येणारेजाणारे थबकले. एक-दोघांनी पोरांना जवळ ओढलं. घरातही त्याने आजवर कुणासमोर पाय काढला नव्हता. हातांवर जोर देत तो पाटावर आला, उजवा पाय दुमडला, डावी मांडी पुढे केली आणि पोरीला म्हणाला, "ये."

ती पुढे आली आणि तिथेच उभी राहिली. जिथे पाय संपत होता तिकडे तिने नीट, निवांत बघितलं.

"इथं दुखतं का, मामा?"

"कवा कवा."

"मी बसले तर?"

"बसून बग."

ती बसली. जरा इकडेतिकडे सरकून तिने स्वतःची जागा केली आणि पाठ त्याच्या छातीला टेकली. आत्याच्या जागी सासूबाई केस झेलायला पदर पसरून बसल्या. न्हाव्याने आधी वेणी कापली, तेव्हा पोर हसत होती. डोकं भिजवून वस्तरा टेकवला मात्र, तिने जी किंकाळी फोडली ती गाभाऱ्यापर्यंत गेली असेल.

"काही नाही होत गं बाळा, झालं, झालंच," मी वाकून म्हणाले.

"आक्का, खोटं नगं सांगू तिला," भाऊ म्हणाला. त्याने दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं आणि तिच्या कानाशी बोलला. "रड. लय रड. पर हलू नगं."

हे त्याला कुणी सांगितलं असेल, कुठल्या खोलीत, काय चाललेलं असताना? आणि पोरीने ऐकलं. ती मोठ्याने, मनसोक्त रडत राहिली आणि जागची तसूभर हलली नाही. वस्तरा फिरत राहिला, केसांचे ओले पुंजके सासूबाईंच्या पदरात पडत राहिले.

मग मी भावाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिशीतून हनुवटीवर आणि तिथून पोरीच्या खांद्यावर. दवाखान्यात शुद्धीवर आल्यापासून तो कुणापुढे रडला नव्हता. पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते. तोही हलत नव्हता. मूल पहिल्यांदा वस्तऱ्याखाली बसतं तेव्हा ते आईच्या नाही, बापाच्या नाही, मामाच्याच मांडीवर असावं, असं कुणी कधी ठरवलं असेल? त्या माणसाला मी कुठे जाऊन हात जोडू, असं मला झालं. एवढी वर्षं मला वाटत होतं की आपण ही रीत लेकरासाठी पाळतो.

न्हाव्याने वस्तरा मिटला. सासूबाईंनी डोक्याला हळद लावली. पोरीचे हुंदके कमी होत आले. पिवळं, चकोट डोकं वळवून तिने मामाच्या तोंडाकडे बघितलं. त्याच्या ओल्या गालाला तिचे केस चिकटले होते. ती जरा वेळ वाट बघत राहिली, मग त्याच्या हातावर थाप मारून म्हणाली, "झालं, मामा. आता हल."

तो हसला. बाहीने तोंड पुसलं, तिला खाली उतरवलं, आणि एवढ्या गर्दीत, तांब्या मागावा इतक्या सहज माझ्याकडे हात केला.

"आक्का, तेवढा पाय दे इकडं."